बेळगाव सीमाभागाची रेल्वे: इतिहास, व्यापार आणि व्यवहार याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या भागातले विद्यार्थी, व्यापारी आणि शेतकरी रेल्वेबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही इतिहासाची आहेत, काही थेट माल पाठवण्याची. इतिहास समजला की आजच्या बऱ्याच अडचणींचं कारणही कळतं, म्हणून सुरुवात तिथून.

आपल्या भागात रेल्वे कधी आली आणि कुणी आणली?

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर, चौदा डबे, ओढायला तीन इंजिनं. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची गाडी. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते, हे मराठी माणसाला सांगायला नको.

बेळगावला मात्र आगगाडी यायला त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं गेली. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिचं मुख्य कार्यालय धारवाडला होतं आणि त्याच इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागलं. कंपनीचा कारखाना हुबळीला उभा राहिला. पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा हा मार्ग १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने सुरू होऊन १८९० पर्यंत पुण्याशी जोडला गेला. १९०८ साली मद्रास रेल्वेशी एकत्र येऊन ही कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. जुनी माणसं 'एमएसएम' म्हणतात ती हीच.

ही लाइन दुष्काळासाठी टाकली की कापसासाठी?

दोन्हींसाठी. सरकारदरबारी कारण दुष्काळाचं होतं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात विजापूर, बेळगाव, धारवाड, सोलापूर हा पट्टा होरपळून निघाला. बैलगाडीने धान्य आणायचं तर वाटेत बैलांनाच चारा-पाणी मिळेना, मग गाडी पोचणार कशी? १८८० च्या दुष्काळ आयोगाने अशा कोरड्या मुलखात रेल्वे टाकण्याचा आग्रह धरला आणि त्या धोरणातून या भागाला लोहमार्ग मिळाला.

पण कापूस विसरून चालणार नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा धारवाडकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठा आणि कारवार बंदरांत जायचा. कारवारला रेल्वे नेण्याची चर्चा अनेक वर्षं चालली, लाइन काही झाली नाही. रेल्वे शेवटी गोव्यातल्या मुरगाव बंदराला गेली आणि कुमठा-कारवारचा कापसाचा व्यापार आटत गेला. लोहमार्ग एका गावाला वर काढतो तेव्हा बहुधा दुसऱ्या गावाचा धंदा काढून घेतो. नवीन लाइनची मागणी करताना ही बाजूही मोजावी.

पैसा कुणाचा होता?

सुरुवातीच्या कंपन्यांचं भांडवल इंग्लंडमधून आलं. जमीन सरकारने फुकट दिली आणि भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली. धंद्यात तेवढी कमाई झाली नाही, तर फरक इथल्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या करदात्याच्या खिशातून भरला जाई. खर्च कितीही केला तरी परतावा ठरलेला, त्यामुळे काटकसर करायला कंपनीला कारणच उरलं नाही. दादाभाई नौरोजींसारख्यांनी संपत्तीच्या वहनावर, म्हणजे देशातला पैसा इंग्लंडला वाहून जाण्यावर, जी टीका केली, तिच्यात या हमीच्या व्याजाला मोठी जागा होती. रेल्वेच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या अ‍ॅकवर्थ समितीनंतर १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जाऊ लागला आणि १९२५ पासून मोठ्या कंपन्या सरकारच्या ताब्यात येऊ लागल्या. तो वेगळा अर्थसंकल्प २०१७ मध्ये पुन्हा मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला.

मीटर गेज, ब्रॉडगेज म्हणजे नक्की काय? मिरजेचं नाव त्यात नेहमी का येतं?

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, मीटर गेज १,००० मिलिमीटर, आणि बार्शी लाइट रेल्वेचा नॅरो गेज ७६२ मिलिमीटर. १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात खर्च वाचवायला मीटर गेज निवडला गेला. रूळ हलके, पूल छोटे, वळणं जास्त आखूड घेता येतात, त्यामुळे डोंगरकापही कमी. सदर्न मराठा रेल्वे याच मापाने बांधली.

बचत बांधताना झाली आणि तिची भरपाई पुढची शंभर वर्षं करावी लागली. पुण्याला जीआयपीचा ब्रॉडगेज आणि आपला मीटर गेज यांची गाठ पडायची. मुंबईला जाणारा माल तिथे एका वॅगनमधून काढून दुसरीत भरावा लागे. प्रत्येक पोतं दोनदा हाताळायचं. त्यात वेळ जातो, हमाली लागते, पोती फाटतात, गुळाचे रवे फुटतात, काही माल वाटेतच नाहीसा होतो. समोरच्या गेजची रिकामी वॅगन वेळेवर आली नाही तर भरलेली वॅगन उभीच. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे.

१९७१ साली पुणे ते मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं आणि हा सांधा पुण्याहून मिरजेला सरकला. मिरजेला पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारा बार्शी लाइटचा नॅरो गेज १९२७ पासून होताच. त्यामुळे मिरज हे तीन गेजचं जंक्शन झालं. मुंबईहून बेळगावला येणारा माणूस मिरजेला उतरून सामानासकट मीटर गेजच्या फलाटाकडे धावायचा, ते दिवस पन्नाशीपुढच्या अनेकांना आठवतील. त्या सांध्यावर हमाल, अडते, खानावळी, लॉज यांचा मोठा संसार चालत होता.

१९९२ पासून देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात मिरज–बेळगाव–लोंढा मार्ग ब्रॉडगेज झाला. बेळगावचा डबा थेट मुंबई-दिल्लीला जाऊ लागला, आणि मिरजेतल्या गेज बदलावर जगणाऱ्यांचं काम मात्र गेलं. आमच्या मते बेळगावच्या व्यापाराला गेल्या शतकात रेल्वेकडून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हे गेज परिवर्तनच आहे. नव्या गाड्या त्याच्यापुढे फार लहान ठरतात.

कोल्हापूरची लाइन कंपनीची होती का?

नाही. मिरज–कोल्हापूर हा मार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधला आणि १८९१ मध्ये तो सुरू झाला.

कॅसलरॉकच्या घाटात गाडीला मागे-पुढे इंजिनं का लावतात?

लोंढ्याहून गोव्याला उतरणाऱ्या मार्गावरच्या कॅसलरॉक ते कुळे या सुमारे २६ किलोमीटरच्या घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला गाडी एक मीटर वर चढते. सपाटीवर जे इंजिन सगळी गाडी सहज ओढतं, ते इथे एकटं पुरत नाही. सगळा जोर पुढूनच लावला तर डब्यांमधल्या कपलिंगवर ताण येऊन ते तुटण्याचा धोका असतो. म्हणून मागून ढकलणारी इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात.

उतरताना भीती वेगळी, ब्रेकची. गाडी घाटात सोडण्याआधी थांबवून हवेचा दाब आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक तपासतात. तिथे गाडी वीस मिनिटं उभी राहिली की लोक कुरकुरतात, पण त्याच तपासणीवर सगळ्यांचा जीव असतो. उतारावर गाडी आवरली नाही तर तिला चढावर वळवून थांबवण्यासाठी घाटमार्गांवर वेगळे आडरूळ ठेवलेले असतात.

पावसाळ्यात या घाटाचा खरा शत्रू पाणी. मुरलेल्या पाण्याने डोंगरकापाची माती सैल होते आणि झाडासकट रुळावर येते. जुलै-ऑगस्टमध्ये गोव्याला माल किंवा माणसं वेळेत पोचणं गरजेचं असेल तर एक दिवस हाताशी ठेवा.

गोव्याची लाइन पोर्तुगीजांनी बांधली का?

पोर्तुगीज सरकारची हमी, पण कंपनी इंग्रजी: वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात व्यापारी करार झाला, त्यातून हा मार्ग ठरला आणि १८८८ मध्ये सुरू झाला. करार अमलात आल्यापासून बारा वर्षांचा होता. १८९२ मध्ये तो संपला, सरहद्दीवर पुन्हा जकात बसली आणि मुरगावकडे जाणाऱ्या मालाचं गणित बिघडलं. लाइन तोट्यात राहिली. १९०२ पासून ती चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे आलं. गोवा मुक्तीच्या लढ्याच्या काळात, १९५५ मध्ये, सरहद्दीवरची वाहतूक थांबली. १९६१ नंतर हा रस्ता पुन्हा मोकळा झाला.

आज या घाटाचं मोठं काम म्हणजे कोळसा आणि खनिज. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा घाट चढून लोंढा–हुबळीमार्गे तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो. याच मार्गाच्या दुहेरीकरणाला गोव्यात विरोध आहे, कारण तो जंगलातून आणि अभयारण्यातून जातो.

रेल्वेमुळे शेतकऱ्याचं भलं झालं की नुकसान?

एका वाक्यात उत्तर देणं अन्याय होईल. रेल्वे आली की दोन बाजारपेठांतल्या भावातला फरक कमी होतो. पूर्वी एका जिल्ह्यात ज्वारी सडायची आणि शंभर मैलांवर लोक उपाशी असायचे. रेल्वेने हे अंतर तोडलं. अर्थतज्ज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिशकालीन जिल्ह्यांची आकडेवारी तपासून दाखवलं, की रेल्वे पोचल्यावर जिल्ह्याचं खरं शेती उत्पन्न सरासरी सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं.

दुसरी बाजू दरांची. कंपन्यांचे भाडेदर बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदराकडून येणाऱ्या मालाला सवलतीचे, आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला चढे असत. कच्चा कापूस बाहेर जाणं स्वस्त, मँचेस्टरचं कापड आत येणं स्वस्त. त्याची झळ विणकराला बसली. तरीही गोकाक धबधब्याजवळ १८८० च्या दशकात कापडगिरणी उभी राहिली. रेल्वे केवळ लुटीसाठी होती असं म्हणणं आम्हाला पटत नाही, पण तिचे दर कुणाच्या सोयीचे होते हे विसरणंही चूक ठरेल.

आमच्या भागात एवढा ऊस पिकतो, तो रेल्वेने का जात नाही?

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे. उशीर झाला की वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो. शेतातून स्टेशनवर, तिथून वॅगनमध्ये, पुन्हा उतरवून कारखान्यात, एवढी हाताळणी उसाला परवडत नाही. म्हणून ऊस बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रकनेच जातो.

साखरेचं तसं नाही. ती पोत्यात बंद होते, टिकते, आणि लांब जाते. ढोबळ हिशेब असा की ३०० किलोमीटरच्या आत ट्रक सोयीचा, त्यापुढे अंतर वाढेल तशी रेल्वे परवडू लागते. पूर्व भारताकडे पूर्ण रेक, म्हणजे वॅगनांची एक सबंध मालगाडी, भरून साखर जाणार असेल तर रेल्वेला पर्याय नाही.

पूर्ण रेक भरायची तर काय करावं लागतं? कुठे चुकतं?

आधी आकार लक्षात घ्या. बंदिस्त वॅगनांची ४२ ची रेक म्हणजे अंदाजे २,६०० टन माल. ५० किलोच्या पोत्यात मोजलं तर ५२,००० पोती. २० टनी ट्रक धरले तर गोदामापासून मालधक्क्यापर्यंत १३० फेऱ्या.

मागणी रेल्वेच्या मालवाहतूक संगणक प्रणालीवर नोंदवायची आणि नोंदणी रक्कम भरायची. मग अग्रक्रमानुसार रेक मिळते. एवढा माल नसेल तर साधारण २० वॅगनांची मिनी रेक मागता येते, किंवा दोन ठिकाणी उतरवण्याची रेक. वॅगन धक्क्यावर लागल्यापासून ठरावीक तासांची मोकळीक मिळते. समजा ती नऊ तास आहे, तर तासाला जवळपास ५,८०० पोती चढली पाहिजेत. हमालांच्या पाच-सहा टोळ्यांनी हे जमत नाही, प्रत्येक दोन-तीन वॅगनांमागे एक टोळी लागते.

चुकतं ते बहुधा इथेच. रेक रात्री दोनला लागते आणि हमाल सकाळी येतात. वेळ उलटला की दर वॅगनला दर तासाला डॅमरेज चढू लागतं. माल आधीच आणून धक्क्यावर ठेवला आणि रेक लांबली, तर जागेचं भाडं, म्हणजे वॉर्फेज. बरेच लोक ही दोन एकच समजतात: डॅमरेज वॅगन अडकवल्याबद्दल, वॉर्फेज जागा अडवल्याबद्दल.

भरण्याआधी वॅगनच्या आत उभं राहून दार लावून घ्या आणि उजेडाची तिरीप कुठून येते ते पाहा. जिथून उजेड येतो तिथून पावसाचं पाणीही येणार. दाराच्या फटींना कागद-कापड लावा, तळाला ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक अंथरा. पूर्वी खतं-सिमेंट भरलेली वॅगन झाडल्याशिवाय साखर घालू नका. आणि वजन काट्याआधी स्वतः मोजा, कारण जादा भरल्यास दंडाचा दर साध्या भाड्याच्या कितीतरी पट असतो.

थोडाच माल आहे, किंवा दुचाकी पाठवायची आहे. मग?

पार्सल कार्यालयात जा. मालावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, पोचायचं स्टेशन पक्क्या शाईने दोन बाजूंना लिहा, एक चिठ्ठी आतही टाका, बाहेरची निघाली तर उपयोगी पडते. फॉर्म भरून वजन झालं की पावती मिळते, व्यापारी तिला बिल्टी म्हणतात. माल सोडवताना तीच लागते. हलक्या पण मोठ्या मालाला वजनाऐवजी आकारमानाने भाडं लागतं.

दुचाकीसाठी आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. टाकीत पेट्रोल थेंबभरही नको, आगीचा धोका असतो आणि तेवढ्यावरून गाडी नाकारतात. आरसे काढून ठेवा, हँडल आणि टाकी गोणपाटात बांधा. गाडी दोन मिनिटंच थांबते अशा छोट्या स्टेशनवरून पार्सल चढत नाही. बेळगाव, हुबळी किंवा मिरज सोयीचं. पोचल्यावर लगेच सोडवून घ्या, नाहीतर वॉर्फेज.

तिकिटासोबत फुकट नेता येणारं सामान: द्वितीय श्रेणी ३५ किलो, स्लीपर आणि एसी थ्री ४० किलो, एसी टू ५०, एसी फर्स्ट ७०.

माल फुटला, हरवला तर भरपाई मिळते का?

मिळू शकते, पण मुदत पाळली तरच. रेल्वेने माल वाहतुकीसाठी स्वीकारल्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत लेखी दावा रेल्वेकडे पोचला पाहिजे. तोंडी तक्रार धरत नाहीत. त्यावर समाधान झालं नाही तर रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे जाता येतं. किमती माल असेल तर बुकिंगच्या वेळीच किंमत जाहीर करून जादा शुल्क भरा. न भरल्यास भरपाईवर वजनाप्रमाणे मर्यादा येते. नुकसान झालेला माल उचलण्याआधी तिथेच उघडून मोजमाप करून घ्या आणि त्याची लेखी नोंद मागा. घरी नेऊन मग तक्रार केली तर ते सिद्ध करणं फार अवघड जातं.

निपाणी, संकेश्वरला रेल्वे का नाही?

मिरजेहून निघालेली लाइन शेडबाळ, उगार, मग कृष्णा ओलांडून कुडची, रायबाग, घटप्रभा अशी पूर्वेकडून गेली. निपाणी-संकेश्वर राहिले पुणे–बंगळूर महामार्गावर. निपाणीचा तंबाखू रस्त्यानेच वाढला. तिथल्या माणसाला जवळचं मोठं स्टेशन म्हणजे कोल्हापूर. चिकोडी रोड, गोकाक रोड ही स्टेशनं त्या त्या गावांपासून बरीच लांब आहेत, रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर पुढच्या वाहनाची सोय आधी करा.

आमचं स्टेशन कोणत्या विभागात? तक्रार मिरजेला करायची की हुबळीला?

राज्याची सीमा आणि रेल्वेची सीमा वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे गोंधळ होतो. मिरज आणि कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. कुडची, रायबाग, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात. दक्षिण पश्चिम रेल्वे १ एप्रिल २००३ पासून काम करते, त्याआधी हुबळी विभाग १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत होता. प्रवासातल्या तक्रारीला १३९ हा एकच क्रमांक सगळीकडे चालतो. गाडीच्या थांब्याची किंवा वेळेची मागणी मात्र त्या विभागाकडेच लेखी द्यावी. मिरजेपर्यंत येणारी गाडी बेळगावपर्यंत वाढवायची तर दोन्ही विभागांची संमती लागते, आणि अशा मागण्या तिथेच रेंगाळतात.

तिकीट एवढं स्वस्त कसं परवडतं?

मालवाहतुकीतून. रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नात जवळपास दोन तृतीयांश वाटा मालाचा असतो, त्यातही कोळसा सगळ्यात पुढे. प्रवाशाच्या तिकिटातला तोटा मालाच्या भाड्यातून भरला जातो. म्हणजे साखर, सिमेंट, खत यांच्या भाड्यात तुमच्या तिकिटाचा थोडा खर्च बसलेला असतो. भाडं चढं राहिलं की माल ट्रककडे वळतो आणि मग तिकिटाला आधार देणारा पैसाच कमी होतो.

दूधसागरला रुळावरून चालत जाता येतं का?

नाही. रुळावर विनापरवाना चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते.

दुहेरीकरण आणि कित्तूरमार्गे नवी लाइन यांचा फायदा काय?

एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर आपली गाडी स्टेशनात थांबवून ठेवावी लागते. मालगाडीला तर सगळ्यात शेवटी वाट मिळते. पुणे–मिरज–लोंढा दुहेरीकरणाने हे थांबणं जातं आणि नव्या मालगाड्यांना जागा होते. सप्टेंबर २०२४ पासून पुणे–हुबळी आणि ऑगस्ट २०२५ पासून बंगळूर–बेळगाव वंदे भारत धावते, त्याचं कौतुक झालं. पण बेळगावच्या कारखानदारीला दुसऱ्या रुळाची गरज जास्त आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

बेळगावहून धारवाडला आज लोंढ्याला वळसा घालून सुमारे १२० किलोमीटर जावं लागतं. कित्तूरमार्गे नवी लाइन सुमारे ७३ किलोमीटरची. तिला २०२० मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री होते. अडलं ते जमिनीवर, सुपीक शेती जाणाऱ्यांचा विरोध आहे. बागलकोट–कुडची ही सुमारे १४२ किलोमीटरची दुसरी लाइनही अशीच रेंगाळली, तिचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात.

तुमची जमीन अशा मार्गात येत असेल तर सातबारासारखा उतारा, म्हणजे कर्नाटकातलं आरटीसी, आधी अद्ययावत करा. वारस नोंद राहिली असेल, विहीर, बोअर, फळझाडं, जलवाहिनी उताऱ्यावर नसेल, तर मोबदल्यात ती धरून घेणं कठीण जातं. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, पंचनाम्याची प्रत मागा, आणि शेताचे दोन तुकडे पडणार असतील तर पलीकडे जायला भुयारी रस्ता कुठे मिळणार ते त्याच वेळी लेखी विचारा. रूळ पडल्यानंतर तो मागून मिळवायला वर्षं जातात.